दामोदर कोसंबी आणि सामान्यांचे विज्ञान

मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी बोरघाट चढून खंडाळ्यास पोचली की, प्रवाशांची दृष्टी दऱ्यांकडे व धबधब्यांकडे वळते. लोणावळा मागे पडल्यावर मळवलीच्या दोहो बाजूंस कार्ले आणि भाजे येथील लेण्यांचे डोंगर दिसू लागतात. अनेक वर्षे डेक्कन क्वीनने याच मार्गावरून ये-जा करणाऱ्या एका गणितज्ञाने हा सारा मुलूख आपली प्रयोगशाळा मानला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. ज्यांना विज्ञानाचे शिक्षण मिळालेले नाही अशा प्रौढांना विज्ञानाची ओळख कशी करून द्यावी, या प्रश्नाचा विचार करताना त्यांचे चरित्र उद्बोधक ठरते.

कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. बुद्धाचे चरित्र आणि विचार त्यांनी सामान्य मराठी वाचकापर्यंत पोचविले. त्यांच्यासमवेत दामोदर बालपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. १९४६ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले; परंतु बिऱ्हाड पुण्यातच ठेवल्यामुळे घाटातील प्रवास त्यांच्या जीवनाचा भाग बनला.

संख्याशास्त्र हा विषय सामान्य माणसास दुर्बोध वाटतो. कोसंबींनी मात्र तो रोजच्या व्यवहारातील नाण्यांवर आणून ठेवला. टांकसाळीतून बाहेर पडलेल्या नव्या नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. ती हातोहाती फिरू लागली म्हणजे झिजतात. जितका काळ अधिक फिरतील तितके त्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरकही वाढत जातो. तक्षशिलेस सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांचा कालक्रम त्यांनी या नियमाच्या आधारे लावला. पण नियम खरा कशावरून? ते पाहण्यासाठी त्यांनी प्रचारातील हजारो साधी नाणी तराजूत तोलली. त्यांवर वर्ष छापलेले असल्याने अनुमानाचा पडताळा घेता येत होता. ज्ञात वस्तूवर नियम पारखून घ्यावा आणि मगच तो अज्ञात वस्तूस लावावा, ही विज्ञानाची मूळ रीत होय. झिजलेले नाणे हातात घेणाऱ्या कोणत्याही दुकानदारास ती कळू शकते.

मावळातील त्यांची पायपीट याच रीतीने चाले. बौद्ध भिक्षूंनी एकान्तासाठी डोंगरात लेणी कोरली, असा सर्वसाधारण समज आहे. कल्याण, सोपारा यांसारख्या बंदरांतून घाटावर चढणारे व्यापारी मार्ग आणि कार्ले, भाजे, बेडसे ही स्थळे एकत्र पाहिली असता निराळा अर्थ निघतो. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत; म्हणजे हे विहार वाहत्या वाटांच्या काठी वसले होते. डोंगरउतारांवर विखुरलेली सूक्ष्म दगडी हत्यारे वेचताना आणखी एक गोष्ट कोसंबींच्या ध्यानी आली. त्या प्राचीन भटक्या लोकांच्या वाटा आणि ग्रामदेवतांची ठाणी यांचा मेळ बसत होता. या कामी त्यांना ग्रंथांइतकाच आधार गुराखी, धनगर व गावकरी यांच्या माहितीचा झाला. अशिक्षित माणसाजवळही पुरावा असतो. तो नीट विचारून घ्यावा लागतो आणि जागेवर जाऊन तपासावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

या वृत्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी अणुशक्तीचा विचार मांडला. या शक्तीसाठी खर्च किती, घातक अवशेषांची वाट काय आणि ज्या देशात वर्षाचे बहुतेक महिने ऊन असते तेथे सौरशक्तीकडे दुर्लक्ष का, असे त्यांच्या भूमिकेचे स्वरूप होते. हे प्रश्न विचारण्यास भौतिकशास्त्राच्या पदवीची गरज नव्हती. परंतु ज्या संस्थेत ते काम करीत होते तिचे प्रमुख होमी भाभा हेच देशाच्या अणुशक्ती कार्यक्रमाचेही सूत्रधार होते. दोघांतील मतभेद वाढले आणि १९६२ साली कोसंबींची मुदत पुढे वाढविण्यात आली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाची साठी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा नाण्यांविषयीचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून सर्वसामान्य वाचकांपुढे आला होता.

कोसंबींचे सगळेच निष्कर्ष विद्वानांना मान्य झाले असे नाही. त्यांनी बहुतेक लेखन इंग्रजीत केल्यामुळे वडिलांप्रमाणे मराठी घरांत त्यांचा थेट प्रवेशही झाला नाही. मात्र निष्कर्ष चुकले तरी ते कसे काढले हे त्यांनी उघड मांडले होते. त्यामुळेच इतरांना ते खोडून काढता आले.

प्रौढांसाठी विज्ञान म्हणजे चमत्कारिक शोधांची यादी, अशी समजूत आजही आढळते. धरण कोठे बांधावे, वीज कशापासून करावी हे तज्ज्ञ ठरवितात आणि त्याचे बरेवाईट फळ सर्वांना भोगावे लागते. अशा वेळी आकडे मागण्याची व ते पडताळून पाहण्याची सवय नागरिकाच्या अंगी नसेल, तर कितीही माहिती निरुपयोगी ठरते. कार्ल्याच्या पायऱ्या चढणाऱ्या शाळेच्या सहलीत शिक्षकाने मुलांना आणि सोबतच्या पालकांना एवढेच विचारावे, की हे लेणे नेमके येथेच का? उत्तर शोधण्यासाठी समोर पसरलेले मावळ खोरे आहे.