साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांना कसं सांभाळायचे? वाचा पालगडच्या 'श्याम'ची गोष्ट

हॉस्टेलचा पहिला महिना आठवतोय? मेसचं जेवण, अनोळखी रूममेट आणि दिवे गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडणं. इंजिनीअरिंगला असताना आमच्या रेक्टरांची भेट व्हायची ती फक्त हजेरीला किंवा दंड भरायला. शंभर वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका वसतिगृहात मात्र वेगळंच चाललं होतं. ते चालवणारा माणूस आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण घरची स्थिती पार खालावलेली. दापोलीची मिशन शाळा, मग औंध, मग पुणे असं शिक्षण झालं, तेही अर्धपोटी राहून. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी घरापासून लांब होता. ती सल आयुष्यभर गेली नाही.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं.

नेमकं काय करायचे?

खोली अस्ताव्यस्त दिसली तर ओरडायचे नाहीत. मुलं शाळेत गेली की स्वतः झाडू घ्यायचे, मळलेले कपडे धुऊन घडी करून ठेवायचे. मुलं ओशाळायची आणि काही दिवसांत आपणच आवरायला लागायची. कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढायचे. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं.

गुरुजींनी मानसशास्त्राचं कुठलंही प्रशिक्षण घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांना थेरपिस्ट म्हणणं ताणल्यासारखं होईल. मुलांच्या मनासाठी वेगळी क्लिनिक हा प्रकार तेव्हा अमेरिकेतही नवा होता. मुंबईत तो १९३७ मध्ये आला. पण आधी विश्वास, मग बोलणं, हा आजच्या शाळा समुपदेशकांचा क्रम त्यांना आपसूक सापडला होता.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. पुस्तक १९३५ मध्ये आलं. आपण ते आईच्या त्यागाचं पुस्तक म्हणून वाचतो. पण ४२ रात्रींमधला श्याम नीट बघा. तो पाण्याला घाबरून लपतो, पैसे चोरतो, रुसतो, गरिबीची लाज बाळगतो. हे सगळं तो मोठेपणी मित्रांसमोर न लपवता सांगतो. वाचणाऱ्या मुलाला कळतं, असं फक्त माझंच होत नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी ताकद इथे आहे.

ऐकणाऱ्याचं कोण ऐकणार?

गुरुजी कमालीचे हळवे. त्यांच्या रडण्याची टिंगल तेव्हाही व्हायची, आजही होते. हाच माणूस मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला आणि मंदिर खुलं झालं. गांधीहत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक काढलं.

मनातली निराशा मात्र वाढत गेली. त्याच काळात ते पुतणीला फुलापाखरांच्या, झाडापेडांच्या गोष्टी सांगणारी पत्रं लिहीत होते. ती पुढे 'सुंदर पत्रे' नावाने पुस्तकरूपात आली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५०व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. शेकडो मुलांच्या उशाशी बसलेल्या या माणसाने आपलं ओझं कुणापुढे उतरवावं, अशी सोय त्या काळात जवळपास नव्हतीच.

तुम्हाला किंवा घरातल्या मुलाला मनावरचा ताण असह्य होत असेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.