नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर : रेव्ह. नारायण वामन टिळक

जुनें वर्ष सरतें व नवें पुढें उभें राहतें, तेव्हां आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत कित्येकांच्या मनांत एकच प्रश्न घोळत असतो. ज्या प्रभूचें नाम आपण घेतलें, तो पुढच्या वर्षींहि आपणांस सांभाळील ना? भाऊबंद दुरावले, पीक बुडालें, घरांत दुखणें आलें, म्हणजे हा प्रश्न अधिकच टोचतो. अशा वेळीं रेव्ह. नारायण वामन टिळक यांचें चरित्र आठवावें असें आम्हांस वाटतें. आम्ही हें हुडकेश्वराहून लिहीत आहों, आणि टिळकांच्या विश्वासाचा आरंभ येथून जवळच्या नागपुराहून निघालेल्या एका प्रवासांत झाला.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोंकणांत करजगांवीं एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. संस्कृताचा व्यासंग मोठा, कवित्व जन्मजात, पण स्वभाव एका जागीं न रमणारा. गांवोगांव फिरत ते नागपुरास आले, व विद्येचे आश्रयदाते आप्पासाहेब बुटी यांच्या पदरीं संस्कृत ग्रंथांचें काम करूं लागले. जातिभेदानें देशाची झालेली हानि त्यांच्या मनास डांचत असे. या देशास तारील असा धर्म कोणता, याचा शोध त्यांनीं चालविला होता. ख्रिस्ती धर्म मात्र त्यांच्या हिशेबांत नव्हता.

सन १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणें काव्यावरून निघालें तें धर्माकडे वळलें. निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं दिली, आणि दोन वर्षांच्या आंत टिळक ख्रिस्ती होतील असें भाकीत केलें. टिळकांस तें खरें वाटलें नाहीं. तरी पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें.  आमच्या उपदेशक बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें : पेरणारा निघून जातो, पण बीं उगवतें.

दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळक वाचावयास बसले. डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तें त्यांच्यानें सोडवेना. ज्या प्रश्नांनीं ते व्याकुळ झाले होते त्यांचीं उत्तरें तेथें सांपडूं लागलीं. तथापि मन वळलें म्हणून पाऊल लागलीच पडलें असें झालें नाहीं. आप्तेष्ट, पत्नी, लहानगा पुत्र, सारीं मागें ओढीत होतीं. सन १८९४ सरलें तेव्हां बाप्तिस्म्यास अवघे ४१ दिवस उरले होते. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, व आगगाडींतलें भाकीत खरें ठरलें.

येथें कोणी म्हणेल कीं त्यांचें दुःख संपलें. खरें दुःख तर त्या दिवसापासून सुरू झालें. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं जवळ नव्हत्या. वार्ता कानीं पडतांच त्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें. पुढें चार-पांच वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली, आणि पुत्र दत्तु आईपाशीं राहिला. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ आल्या, त्या आपलें सोवळें व आपली निराळी चूल घेऊनच आल्या. टिळकांनीं त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं. जातिभेद मनुष्यानें केलेला आहे, देवानें नव्हे, हें त्यांचें त्यांसच उमगलें, आणि सन १९०० मध्यें त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. विश्वास दोन वर्षांत आला; त्या विश्वासांत घर एक व्हावयास आणखी पांच वर्षें लागलीं.

सन १९०४ मध्यें टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपल्या लोकांनीं आपल्याच चालींवर प्रभूचें स्तवन करावें म्हणून त्यांनीं अभंग व पदें रचिलीं. तीं आजहि आमच्या उपासनांत टाळ-मृदंगावर गाइलीं जातात. ख्रिस्तायन हें महाकाव्य अपुरें असतांच ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते प्रभूमध्यें निजले. तें काव्य पुढें कोणीं हातीं घेतलें? ज्या बाई एके काळीं नवऱ्याच्या धर्माच्या नांवानें रडल्या, त्या लक्ष्मीबाईंनींच.

प्रिय वाचकहो, ज्याच्या घरीं अद्याप भाऊ बोलत नाहीं, बायको उपासनेस येत नाहीं, त्यानें हें वर्ष वायां गेलें असें म्हणूं नये. पंचांग बदललें म्हणून देवाचें काम थांबत नाहीं. आपण वचन पाळावें, प्रीतीनें वाट पाहावी, आणि जें अपुरें राहिलें तें प्रभूच्या हातीं सोंपून नव्या वर्षांत निर्भयपणें पाऊल टाकावें.