आधी खराटा, मग कीर्तन

सेमिनार जवळ आला की हॉस्टेलमध्ये एकच चर्चा असते. स्लाईड्स किती ठेवायच्या, टाय घालायचा की नाही, इंग्लिश अडलं तर काय करायचं? समोर बसलेल्यांना नेमकं काय पटवायचं आहे, हा प्रश्न मात्र कुणाच्याच लिस्टमध्ये नसतो. अशा वेळी मला आपल्या गुणपत्रिकेवरचं नाव आठवतं. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झालं आणि पुढे त्याला संत गाडगे बाबांचं नाव मिळालं. आपण यवतमाळवाले ते नाव प्रत्येक परीक्षेच्या फॉर्मवर लिहितो. पण ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि तरीही हजारो माणसं रात्र-रात्र बसून त्यांचं ऐकत होती. हे कसं काय जमलं असेल?

बाबांचं मूळ नाव डेबुजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घराण्यातला. वडील दारूपायी गेले आणि घर बुडालं. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे डेबूने गुरं राखली, नांगर धरला, राबून शेती केली. पण मामांची जमीनही सावकाराच्या कर्जात गेली. अडाणी माणसाला कागदावर कसं फसवतात, हे त्याने घरातच पाहिलं. पुढे बाबा कीर्तनात दारू, कर्ज आणि अज्ञान या तीनच गोष्टींवर पुन्हा पुन्हा का यायचे, याचं उत्तर इथे आहे. तो विषय त्यांनी कुठून वाचलेला नव्हता, सोसलेला होता.

मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची रीत होती. डेबुजींनी गोड जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते बधले नाहीत. म्हणजे बोलण्याच्या आधी करून दाखवायची सवय घर सोडण्यापूर्वीचीच. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगे बाबा म्हणू लागले.

आता त्यांची पद्धत बघा. एखाद्या गावात शिरले की ते आधी खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. लोकांना वाटायचं, कोण हा वेडा? थोड्या वेळाने एखाद्याला लाज वाटायची आणि तोही हात लावायचा. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभं राहायचं. स्वच्छतेवर वेगळं भाषण द्यायची गरजच उरायची नाही, कारण ऐकणारा स्वच्छ जागेवर बसलेला असायचा. अर्धी सभा तर बाबांनी तोंड उघडण्याआधीच जिंकलेली!

कीर्तनातही ते उपदेशाने सुरुवात करत नसत. आधी गोपाळाचा गजर, मग प्रश्न. देवाला आंघोळ कोण घालतो? त्याला जेवू कोण घालतो? त्याचं रक्षण कोण करतो? अगदी सोपे प्रश्न, आपल्या वऱ्हाडी बोलीत. सगळी सभा एका सुरात उत्तर द्यायची. अशी पाच-सहा उत्तरं झाली की लोकांच्या लक्षात यायचं, की ज्या देवाला आपणच सांभाळतो त्याला बकरं कापून नवस कशाला बोलायचा? हा निष्कर्ष बाबा सांगत नव्हते, लोकांच्याच तोंडून तो निघत होता. दुसऱ्याने सांगितलेलं आपण विसरतो. स्वतःच्या तोंडून निघालेलं नाकारता येत नाही.

आणि ते मागायचे काय? मुक्ती, मोक्ष वगैरे नाही. कर्ज काढून सण करू नका. एक वेळ ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. ऐकणारा दुसऱ्या दिवशी सकाळी करू शकेल एवढंच.

कीर्तन संपलं की बाबा निघून जायचे. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनचा घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. स्वतःच्या घरात मात्र त्यातला पैसा जाऊ दिला नाही. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हे वाचताना मला आधी राग आला होता. बाप असा कसा? मग वाटलं, समोरच्या लोकांना त्यांनी त्या रात्रीचा शब्द दिला होता.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत बांद्रा पोलीस स्टेशनला त्यांचं कीर्तन झालं, त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे सुरुवातीला बरेच शब्द डोक्यावरून गेले. पण दहा मिनिटांनी मी हेडफोन लावून, रूममध्ये एकटाच, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होतो! ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ गाडगे बाबांनी देह ठेवला.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. बाबा पन्नास वर्षं कर्जाबद्दल बोलले, तरी आपला जिल्हा पेपरात येतो तो कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीच. मग भाषणाचा उपयोग काय? मला वाटतं, कापसाचा भाव आणि पाऊस कीर्तनाने बदलत नाही. ते कुणाच्या एकट्याच्या हातात नाही. पण लग्नाचा खर्च, दारू, पोरीची शाळा हे हातात आहे, आणि बाबा नेमकं तेवढ्याचबद्दल बोलले. एकदा बोलून भागत नाही हेही त्यांना माहीत असणार, म्हणून तर ते आयुष्यभर गावोगाव चालत राहिले.

असो. दरवर्षी स्वच्छतेवर आपल्याकडे भाषणं होतात, नवे कोरे झाडू घेऊन फोटो निघतात, आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधला कचरा तिथेच राहतो. पुढच्या वेळी ज्याला भाषण द्यायचं असेल त्याने आदल्या दिवशी तो कॉरिडॉर झाडून घ्यावा. मीही येईन सोबत. भाषण कदाचित दोन मिनिटांचंच होईल, पण लोक ऐकतील.