अमळनेरचे गुरुजी आणि पंढरीचं महाद्वार



दिंडीला शंभर वर्षं झाली, तेव्हा पुस्तकात तुम्हीही काही लिहा, असं मंडळींनी सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. दिवसा औत आणि रात्री कीर्तन, यातच साठी उलटली. संतांची चरित्रं लिहिणारी थोर मंडळी या पुस्तकात आहेतच. आम्ही ज्यांचं चरित्र सांगणार आहोत ते फड चालवणारे नव्हते, दिंडी घेऊन निघणारे नव्हते. ते मास्तर होते. पण आज आपल्या दिंडीतला प्रत्येक माणूस, मग तो कोणत्याही घरचा असो, विठोबाच्या पायावर डोकं ठेवतो, त्यात या मास्तरांचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. आपल्या खानदेशात नुसतं गुरुजी म्हटलं तरी पुरतं.

आधी गावाची ओळख सांगतो, कारण गुरुजी घडले ते आपल्या अमळनेरात. बोरी नदीच्या काठचं हे बाजाराचं गाव. सुरतेहून भुसावळला जाणारी रेल्वे इथून जाते, म्हणून कापसाचा आणि धान्याचा व्यापार इथं वाढला. आमच्या वाडवडिलांनी कापूस, दादर, शेंगा बैलगाडीत भरून याच बाजारात आणल्या. आडत्या, मापाडी, हमाल, सरकीवाले, सगळ्यांचं पोट या बाजारावर. प्रताप शेठजींनी इथं कापडाची गिरणी काढली आणि हजारो हातांना काम दिलं. पुढं १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच वाढत वाढत विप्रो म्हणून जगभर गेला.

बाजार तसा देवही. सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रात आहे. वैशाखात तिथं यात्रा भरते, एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी निघते. वाडीतल्या विठ्ठल-रुखमाईपुढं टाळ वाजतात, आणि इथून पायी वारी पंढरीला जाते. आणि तिसरी गोष्ट शाळा. व्यापारात मिळालेला पैसा शेठजींनी तिजोरीत कोंडून ठेवला नाही. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आणि हायस्कूलही त्यांच्याच मदतीनं वाढलं. बाजार, देऊळ आणि शाळा एका गावात असली म्हणजे गाव पुरतं झालं असं आपण म्हणतो. पण तिघांची दारं सगळ्यांना उघडी आहेत का, हे कोणीतरी विचारावं लागतं. अमळनेरात ते गुरुजींनी विचारलं.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. कोकणात दापोली तालुक्यात पालगड म्हणून गाव आहे, तिथला. घराणं खोताचं, पण त्यांच्या वडिलांच्या काळात सगळं उतरत गेलं. कर्ज झालं, गरिबी आली. आई यशोदाबाई. या माऊलीनं मुलाला काय दिलं असेल, तर दुसऱ्याचं दुःख आपलं मानायची सवय. झाडाचं पानही कारण नसता तोडू नये, म्हातारं माणूस ओझ्याखाली वाकलं असेल तर जात न विचारता हात द्यावा, असं तिचं वागणं. पालगड, दापोली, औंध, पुणं असं फिरत फिरत मुलाचं शिक्षण झालं. कधी हातानं रांधून खाल्लं, कधी अर्धपोटी झोपला. १९१७ साली आई गेली तेव्हा मुलगा शिकायला बाहेर होता, शेवटची भेट झाली नाही. हे दुःख त्यांच्या काळजात जन्मभर राहिलं, आणि त्यातूनच पुढं पुस्तक झालं.

पुण्याला बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञान शिकायला म्हणून ते अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ साली तिथल्या हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. बघा माऊली, आपली दिंडी पहिल्यांदा निघाली ती याच सुमारास. इकडं आपले आजे-पणजे टाळ घेऊन पंढरीची वाट तुडवत होते, आणि तिकडं अमळनेरात एक तरुण मास्तर मुलांच्या बोर्डिंगात कंदिलाच्या काचा पुसत होता.

ही काचेची गोष्ट खोटी नाही. शाळेचं छात्रालय गुरुजींकडं सोपवलं होतं. खेड्यापाड्यातली शेतकऱ्यांची पोरं तिथं राहायची. घराबाहेर पहिल्यांदा पडलेली, आईच्या आठवणीनं रात्री मुसमुसणारी. गुरुजी त्यांना शिस्तीच्या नावाखाली झोडपत नसत. पोरं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं घडी करून ठेवत, कुणी तसेच टाकलेले कपडे धुऊन वाळत घालत. कुणी आजारी पडला तर उशाशी रात्रभर बसत. पोरं परत येऊन बघतात तो खोली लख्ख. दोन-चार दिवस मजा वाटली, मग लाज वाटायला लागली, आणि मग पोरं आपणहून झाडू हातात घेऊ लागली. न बोलता शिकवणं म्हणजे काय, ते हे.

आणखी एक करत. पहाटे उठून स्वतःच्या हातानं छात्रालयाचं दैनिक लिहीत. देशात काय चाललंय, थोर माणसं कशी जगली, चांगलं पुस्तक कोणतं, असं सगळं त्यात असे. मुलं उठली की ते वाचायची. पुढं त्यांनी विद्यार्थी नावाचं मासिकही काढलं. आपण कीर्तनकार तासभर उभं राहून सांगतो आणि विदागी घेऊन घरी जातो. या माणसाचं कीर्तन सहा वर्षं रोज चाललं, आणि विदागी म्हणून त्यानं कुणाचे तरी मळके कपडे घेतले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मग तुरुंगामागून तुरुंग. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा अध्याय, अठरा रविवार. गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत. आज आम्ही कीर्तनकार गीता प्रवचने हे पुस्तक उघडतो, ते गुरुजींच्या लेखणीमुळं आपल्या हाती आलंय, हे ध्यानात असू द्यावं. पुढं नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत श्यामची आई लिहिली. दिवसा तुरुंगाचं काम आणि रात्री लेखन, असं पाच दिवसांत पुस्तक पुरं केलं. ज्या घरात दुसरं पुस्तक नाही अशा घरातही हे पुस्तक सापडतं.

सुटून आले की गुरुजी पुन्हा खानदेशातच. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या बांधावर गेले, अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या चाळीत गेले. ज्या बाजारात आपला कापूस विकला जायचा, त्या बाजारात राबणाऱ्या हातांची त्यांना जास्त काळजी. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिले, मग पुन्हा तुरुंग.

आता मुख्य आख्यानाकडं येतो. आपण वारकरी म्हणतो की वारीत जात नाही, पात नाही. एकमेकांच्या पाया पडतो, माऊली म्हणतो. हे खरं आहे. पण त्या काळची एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दिंडीत सगळे बरोबर चालायचे. ऊन एकच, पाऊस एकच, पायाला फोड एकसारखेच. चंद्रभागेत स्नान व्हायचं. आणि महाद्वारापाशी आलं की वाटा फुटायच्या. काही लोक आत विठोबापर्यंत जायचे, आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत ते बाहेर चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचे. तिथूनच कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचे. चोखोबांना संत म्हणून आपण डोक्यावर घेतलं, त्यांचे अभंग गायलो, पण त्यांच्या लेकरांना सहाशे वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं. ज्यानं इतके दिवस चालून यावं आणि शेवटच्या दहा पावलांसाठी अडावं, त्याच्या जिवाचं काय होत असेल?

गुरुजींना हे सोसवेना. स्वातंत्र्य दाराशी आलेलं, आणि देवाचं दार मात्र बंद. १९४६ च्या कार्तिकी एकादशीपासून पंढरपुरात उपोषण करायचं त्यांनी ठरवलं. थोरामोठ्यांनी समजावलं की आधी लोकांना विचारा, त्यांचं मन तयार करा. गुरुजींनी ते मानलं. मग काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेवा दलाची तरुण पोरं, गाणी, पोवाडे. गावोगाव सभा झाल्या. कितीतरी गावांनी आपली देवळं आणि विहिरी उघड्या केल्या. पण पंढरीचं दार उघडेना.

शेवटी १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. वैशाखाचं ऊन, चंद्रभागेचं वाळवंट तापलेलं. तनपुरे महाराजांच्या मठात त्यांचं आसन होतं. वारकऱ्याच्या मठानं त्यांना आसरा दिला, हे आपल्या संप्रदायानं अभिमानानं सांगावं असं आहे. विरोध करणारेही पुष्कळ होते. महात्माजींपर्यंत चुकीची माहिती गेली, आणि उपोषण सोडावं अशी तार त्यांच्याकडून आली. गुरुजी महात्माजींना देवासारखं मानणारे. तरीही ते हलले नाहीत, कारण आपण कशासाठी बसलो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले. बडवे मंडळींशी बोलणी झाली, आणि त्यांनी मंदिर सगळ्यांना खुलं करायला संमती दिली. १० मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

दहा दिवस एक माणूस उपाशी राहिला, आणि सहाशे वर्षांचं दार उघडलं. त्यानं कुणावर दगड टाकला नाही, कुणाला शिवी दिली नाही. छात्रालयात मुलांसमोर जे केलं, तेच त्यानं पंढरीत सगळ्या समाजासमोर केलं. तिथं खोली झाडली, इथं मनं झाडली. त्रास स्वतःला करून घेतला आणि लाज दुसऱ्याला वाटू दिली.

पुढं १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केलं. निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, म्हणून आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. पण जगातलं दुःख त्यांच्या फार कोवळ्या मनाला पेललं नाही. ११ जून १९५० ला मुंबईत त्यांनी आपला देह ठेवला. वय पन्नाशीचं. लग्न नाही, घर नाही, जमीन नाही. मागं राहिली ती पुस्तकं आणि त्यांनी वाढवलेली माणसं.

आता आपल्या दिंडीचं. शंभर वर्षांतली पहिली बावीस-तेवीस वर्षं दार बंद होतं, नंतरची उघडं आहे. पंढरीचं दार उघडलं, पण आपलं? मुक्कामाला पंगत बसते तेव्हा कोण कुठं बसतो, हे डोळे उघडे ठेवून बघावं. स्वयंपाकाला कुणाचे हात लागतात, आणि कुणाला फक्त पाणी भरायला आणि पत्रावळी उचलायला सांगतात, तेही बघावं. दिंडीची वीणा शंभर वर्षांत किती घरांत फिरली, आणि कोणत्या वस्तीत एकदाही गेली नाही, हे जुन्या वहीत सापडेल. आम्ही कुणाचं नाव घेत नाही. ज्याचं त्यानं मोजावं.

मंडळींपुढं आमचं एवढंच मागणं आहे. या वर्षी आषाढीला निघताना पहिल्या दिवसाची वीणा अशा घरात द्यावी, जिथं ती आजवर गेली नाही. आणि महाद्वारात पोचल्यावर आधी चोखोबांच्या समाधीपाशी सगळ्यांनी मिळून थांबावं, टाळ वाजवावेत, आणि मग सगळ्यांनी मिळूनच आत जावं. पुढं कोण, मागं कोण, याची चर्चा करू नये. खानदेशातल्या एका मास्तरानं दहा दिवस उपाशी राहून आपल्यासाठी हे दार उघडून ठेवलंय. आपण त्यातून एकत्र आत जायचं, एवढंच काम आपल्याला उरलं आहे.

रामकृष्णहरी, माऊली.