शिंपल्यांतून शिकवणाऱ्या ताराबाई

शाळेतून ‘प्रोजेक्ट’ची चिठ्ठी आली की घरोघरी परीक्षा सुरू होते ती आईची! थर्माकोल आणा, चित्रांचे तक्ते आणा, रात्री जागून चिकटवा. मूल झोपलेलं असतं आणि किल्ला मात्र तयार होतो. मी चौथीला शिकवते, त्यामुळे असे देखणे किल्ले दरवर्षी बघते. आणि दरवर्षी मला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. त्या काळात नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागलं असेल, ते मैत्रिणींनो, तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पण त्या खचल्या नाहीत. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या बार्टन कॉलेजच्या प्राचार्य झाल्या.

मानाची, पगाराची नोकरी. ती त्यांनी सोडली. का, तर भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांना न मारता, न ओरडता शिकवत होते! १९२३ मध्ये ताराबाई त्यांच्या कामात सामील झाल्या. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ मिळालं तर जरूर वाचा. त्यातला शिक्षक चौथीच्याच वर्गावर जातो आणि गोष्टी, खेळ, नाटकं यांतून शिकवतो. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ही चालवली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथेच त्यांना एक प्रश्न छळू लागला. माँटेसरी पद्धत चांगली, पण तिची साधनं महागडी. मग गरिबाच्या मुलानं काय करायचं? वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या मुंबई सोडून डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तिथे शिंपले, खडे, पानं, बिया, बांबू, माती हेच शाळेचं सामान झालं. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं, लहान-मोठं लावायला शिंपले. फुकटचं, म्हणून कमी प्रतीचं नव्हे. उलट मुलाला ते ओळखीचं, म्हणून जास्त जवळचं.

गरीब वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. तिथे मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकत्र ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शिक्षकच कुरणात जात. त्या शाळेचं नाव कुरणशाळा! १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

ताराबाईंचं वाचल्यापासून मी वर्गात विकतचं काही मागवत नाही. शिवरायांचा धडा आला की मैदानातल्या मातीत किल्ला. मुलं वर टाकं खणतात, पाणी ओततात आणि ते जिरून जातं. मग चर्चा रंगते, गडावर पाणी वर्षभर कसं टिकत असेल? खडकात खोदलेलं टाकं का लागतं, हे माझ्या आधी तीच सांगतात. इतिहासाच्या तासाला विज्ञान आपोआप येतं. कधी आजीला विचारून जुन्या वस्तूंची यादी आणायची : पायली, अडकित्ता, कंदील. कधी मूठभर मूग तीन वाट्यांत ठेवायचे. एकीत कोरडे, एकीत ओल्या फडक्यात, एकीत पाण्यात बुडवून. रोज बघायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. खर्च शून्य. मजुरी करणाऱ्या आईचं मूलही यात मागे पडत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तेव्हा यंदा दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला, तर बुरूज वाकडा झाला तरी हात लावू नका. चिखलाचे कपडे तेवढे धुवा. मूल स्वतःच्या हातांनी शिकावं, एवढ्यासाठी एका बाईनं मानाची नोकरी सोडली होती. आपल्याला फक्त थोडा धीर धरायचाय!