माशी वर की खाली?

मासा कसा पकडावा यावरून शिकलेसवरलेले लोक जवळजवळ तीस वर्षं वाद घालू शकतात का? इंग्लंडमध्ये घातला! त्या वादाच्या मधोमध उभा असलेला माणूस म्हणजे जी. ई. एम. स्क्यूज.

स्क्यूज यांचा जन्म 1858 सालचा. पेशाने लंडनमध्ये वकील, लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की विंचेस्टरजवळच्या इचन नदीवर ट्राउट पकडायला हजर! गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि माशाला फसवायचं, याला म्हणतात फ्लाय फिशिंग.

त्या काळी फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा शब्द म्हणजे कायदा होता. माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे आणि वर आलेल्या माशावरच टाकली पाहिजे. ही ‘ड्राय फ्लाय’. बाकी सगळं हलकं काम! स्क्यूजसुद्धा आधी त्यांचेच चाहते. पण पकडलेल्या ट्राउटच्या पोटातलं ते चमच्याने काढून पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून बघायचे. त्यात सापडायची मुख्यतः पाण्याखालची, पंख न फुटलेली पिल्लं, म्हणजे निम्फ. मग मासा जे खातोय तेच त्याला का दाखवू नये?

1910 साली त्यांनी पुस्तक लिहून हे मांडलं. गंमत म्हणजे त्यांनी ड्राय फ्लाय सोडली नाही. जिथे जे चालेल ते वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण हॅलफर्ड 1914 साली गेले तरी त्यांचे अनुयायी जास्तच कडक झाले. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फवर चक्क वादसभा भरली. तेव्हा स्क्यूज होते 79 वर्षांचे. त्याच वर्षी, सोबतच्या सभासदांशी पटेना म्हणून, 1883 पासूनचं आपलं लाडकं पाणी त्यांनी सोडलं. 1949 साली ते वारले.

आज जगभर निम्फने मासे पकडतात. तरी इंग्लंडमधल्या काही नद्यांवर हंगामाचे पहिले महिने फक्त ड्राय फ्लायच चालते. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही!

हॅलफर्ड यांची पद्धत चुकीची नव्हती. ती एकच पद्धत बरोबर, हा हट्ट चुकीचा होता. आपल्याकडेही गणित बरोबर सुटलं तरी ‘मेथड वेगळी’ म्हणून मार्क जातात, तेव्हा स्क्यूजची ती पांढरी बशी आठवावी. उत्तर पुस्तकात नव्हतं, बशीत होतं.