जळालेल्या लंडनचा भूमापक : रॉबर्ट हूक

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात रॉबर्ट हूक हे नाव दोनदा भेटते. बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव देणारे हूक, आणि स्प्रिंगवरील भार व तिचे ताणणे यांचे प्रमाण सांगणारे हूक. आपल्या प्रशालेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने या दोन उत्तरांचे गुण कधी ना कधी मिळवले असतील. याच माणसाने राखरांगोळी झालेल्या एका नगरात मोजपट्टी घेऊन वर्षानुवर्षे पायपीट केली आणि हजारो सामान्य कुटुंबांना त्यांची जागा हद्दीसह परत मिळवून दिली, हे मात्र पुस्तकात नाही. इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला हूक यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

हूक यांचा जन्म 18 जुलै 1635 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर झाला. वडील गावच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलगा प्रकृतीने नाजूक, पण हाताने विलक्षण कुशल. 1648 मध्ये वडील वारले आणि पोरक्या रॉबर्टने थोड्याशा वारशानिशी लंडन गाठले. एका नामांकित चित्रकाराकडे उमेदवारी करण्याचा प्रयत्न रंगांच्या वासाने डोके दुखू लागल्याने फसला. मग तो वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. तेथील मुख्याध्यापक रिचर्ड बझ्बी छडीसाठी प्रसिद्ध होते. तरी या निराधार मुलाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे कीर्तिमान झालेल्या हूक यांनी आपल्या या गुरूंसाठी विलेन या गावी चर्चची वास्तू उभी केली. एका मुख्याध्यापिकेला याचा थोडा हेवा वाटल्यावाचून राहत नाही! त्याच शाळेत, त्याच सुमारास जॉन लॉक नावाचा आणखी एक विद्यार्थी शिकत होता. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

ऑक्सफर्डला हूक यांनी रॉबर्ट बॉइल यांच्यासाठी हवेचा पंप घडवला. 1662 मध्ये ते रॉयल सोसायटीचे प्रयोगप्रमुख झाले आणि 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातील चित्रांनी नटलेला त्यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ग्रेशम महाविद्यालयात भूमितीचे प्राध्यापकपदही त्यांना लाभले. तिशीतच विद्वानांत मान्यता मिळाली होती.

2 सप्टेंबर 1666 च्या पहाटे पुडिंग लेनमधील एका बेकरीत आग लागली. लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी, उन्हाळ्याने सारे वाळलेले, त्यात सोसाट्याचा वारा. चार दिवसांत सुमारे 13,200 घरे, 87 चर्चे आणि सेंट पॉलचे प्राचीन देवालय भस्मसात झाले. राख निवण्याआधीच विद्वान मंडळी नव्या नगराचे नकाशे काढू लागली. ख्रिस्तोफर रेन यांनी रुंद राजमार्ग आणि चौक असलेला भव्य आराखडा राजासमोर ठेवला. 19 सप्टेंबरला हूक यांनीही सरळ रेषांत छेदणाऱ्या रस्त्यांचा आपला नकाशा रॉयल सोसायटीत मांडला, आणि नगरपालांना तो पसंतही पडला.

यांपैकी एकही नकाशा प्रत्यक्षात आला नाही. सरळ रस्ते आखायचे तर साऱ्या जमिनी ताब्यात घ्याव्या लागणार होत्या. एकेका जागेवर मालक, भाडेकरू आणि पोटभाडेकरू यांचे हक्क गुंतलेले. त्यांना मोबदला देण्यास खजिन्यात पैसा नव्हता. मालकीचा निवाडा होईपर्यंत थांबावे, तर दुकानदार दुसरीकडे जाऊन बसतील आणि व्यापारावर जगणारे नगर कायमचे ओस पडेल, ही धास्ती होती. म्हणून फेब्रुवारी 1667 मध्ये संसदेने वेगळा मार्ग पत्करला. ज्याने त्याने आपल्या जुन्या जागेवर आपल्या खर्चाने घर बांधावे. भिंती विटांच्या किंवा दगडांच्या असाव्यात, त्यांची जाडी, मजले आणि रस्त्यांची रुंदी एवढेच कायद्याने ठरवावे. रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील करातून द्यावी. कारागीर संघांची जुनी मक्तेदारीही शिथिल झाली. बाहेरगावच्या सुतार-गवंड्यांना सात वर्षे नगरात काम करण्याची मुभा मिळाली. माणसाच्या मालमत्तेवरील हक्काचा सिद्धान्त सांगणारा लॉक यांचा ग्रंथ यानंतर वीसहून अधिक वर्षांनी आला. त्यांच्या शाळासोबत्याने तो विचार मांडला नाही, पण त्याचा व्यवहार मात्र आधीच करून दाखवला.

नगराने हूक यांना भूमापक नेमले, तेव्हा स्वतःचा नकाशा बाजूला ठेवून त्यांनी इतरांच्या वेड्यावाकड्या हद्दी मोजण्याचे काम स्वीकारले. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. मार्च 1667 च्या अखेरीस पीटर मिल्स यांच्यासह त्यांनी रस्त्यांच्या कडेला खुंट्या ठोकण्यास आरंभ केला. रीत साधी होती. मालकाने ढिगारा उपसून पाया मोकळा करावा, नगराच्या कचेरीत सहा शिलिंग आठ पेन्स भरून पावती घ्यावी. मग भूमापक येत, शेजाऱ्यांना विचारत, सामाईक भिंतीचा माग काढत, खुंट्या रोवत आणि दाखला देत. दाखला हाती आला की बांधकाम सुरू. सांडपाणी, उजेड, शेजारच्या भिंतीचा भार यांवरून भांडणे रोजचीच. तीही जागेवर जाऊन मिटवावी लागत. अशा सुमारे तीन हजार जागा एकट्या हूक यांनी मोजल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. याच काळात रॉयल सोसायटीत प्रयोग आणि ग्रेशममध्ये व्याख्याने चालूच होती.

त्या वेळच्या करारांनुसार जळालेल्या घराचे भाडे आणि दुरुस्ती बहुधा भाडेकरूच्याच माथी येई. त्यासाठी संसदेने अग्नि-न्यायालय स्थापिले. मॅथ्यू हेल यांच्यासारखे न्यायमूर्ती तेथे मानधन न घेता बसत. जो पुन्हा बांधील त्याचे भाडे कमी करावे आणि मुदत वाढवावी, अशा धोरणाने तंटे झटपट सुटत.

सारे काही उत्तम झाले असे नाही. नगराबाहेर गेलेले कित्येक परतले नाहीत आणि नवी बांधलेली अनेक घरे बराच काळ रिकामी राहिली. आगीचे खापर परकीय आणि कॅथलिक लोकांवर फुटले, ते वेगळेच. तरीही पाच-सहा वर्षांत बहुतेक खाजगी घरे उभी राहिली.

पुढे रेन यांच्यासमवेत हूक यांनी आगीचे स्मारक असलेला 202 फुटी स्तंभ उभारला. त्याच्या पोकळीतून ताऱ्यांचे वेध घेण्याचीही त्यांची योजना होती. न्यूटन यांच्याशी झालेल्या वादाने उत्तरायुष्य कडवट झाले. 3 मार्च 1703 रोजी ग्रेशममधील खोलीत ते वारले, तेव्हा काटकसरीने राहणाऱ्या या अविवाहित माणसाच्या पेटीत हजारो पौंड सापडले. त्यांतील बराच भाग भूमापनाच्या कमाईचा असावा. त्यांचे एकही खात्रीचे चित्र उरले नाही. मिल्स यांच्या मोजणीच्या वह्या टिकल्या, हूक यांच्या हरवल्या. ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पुडिंग लेन या गल्ल्या मात्र बऱ्याच अंशी आपल्या जुन्याच वाटेने आजही लंडनमध्ये आहेत.